वाढत्या अंगाचा कोट

आधीच सांगून ठेवते, मी भांडकुदळ बाई नाही. पण अडतीस वर्षं एका शिंप्याबरोबर संसार करून दाखवा आणि मग मला नावं ठेवा.

आमचे हे म्हणजे मास्तर. दुकानात येणारं लहानथोर सगळं त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. शाळेच्या फाटकासमोर दुकान. शाळेचे गणवेश सोडले तर या माणसानं जन्मात दुसरं काही शिवलं नाही. अर्धी चड्डी, शर्ट, फ्रॉक आणि थंडीतला निळा कोट, पितळी बटणांचा. काजं-बटणं माझ्याकडे. मास्तरांचा नियम एकच, कपडा वाढत्या अंगाचा पाहिजे. आत चार बोटं कापड दुमडून ठेवायचं. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि सोडायचं. त्यामुळे आमच्या भागातली सगळी पोरं थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्या आया मास्तरांना दुवा देतात.

आम्हाला मुलगी एकच. तान्ही होती तेव्हा शिलाई मशीनखाली टोपलीत असायची आणि जरा नजर चुकली की मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी घरंगळत दाराशी जायची. म्हणून नाव पडलं बॉबिन. आज ती मोठ्या प्रवासी जहाजावर इंजिनीअर आहे. तळाशी इंजिन रूममध्ये तिच्या हाताखाली सहा पुरुष काम करतात. तरी आम्हाला ती बॉबिनच.

आता भांडणाचं सांगते. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी तिला न विचारता दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली: ‘मास्तर आणि कन्या’. रंग वाळायच्या आत कन्येनं येऊन सांगितलं, “बाबा, मला जहाजावर नोकरी लागली.”

“मला न विचारता अर्ज केलास?”

“तुम्ही मला न विचारता पाटी रंगवलीत?”

झालं! दोघांचं नाक एकाच साच्यातलं, आणि राग त्याच्याच शेंड्यावर. तेव्हापासून बापलेकीत अबोला. तिचा फोन आला की मास्तर उचलायचे, आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “आईला देतो.” चार वर्षांत बापानं लेकीला एवढे दोनच शब्द दिले. मी रागावले, रडले, दोन दिवस स्वयंपाक बंद ठेवला. तेव्हा मास्तर गुपचूप पाव-बटर खाऊन राहिले. दगड परवडला.

अशात बॉबिननं दोन तिकिटं पाठवली. जहाजावर चार वर्षं झाली की कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना एका आठवड्याची सफर मिळते म्हणे. सोबत चिठ्ठी होती. तिची ड्युटी बारा-बारा तासांची, आणि कर्मचाऱ्यांनी प्रवाशांत मिसळायचं नाही असा तिथला कडक नियम. सवलत फक्त पाचव्या दिवशी. त्या संध्याकाळी मोठ्या डायनिंग हॉलमध्ये सगळे नटूनथटून जेवतात. त्यात अधिकाऱ्यांना आपल्या माणसांबरोबर बसता येतं, आठ ते नऊ. चिठ्ठीत शेवटी खाली रेघ मारून लिहिलं होतं: ‘आई, तू काहीही चांगलं घाल. पण बाबांना कोट लागेल. कोटाशिवाय दारातून आत सोडत नाहीत. त्या दिवशी भेट चुकली तर मग पुढचं वर्षभर मी लांबच्या फेऱ्यांवर आहे.’

म्हणजे वर्षाकाठी एक तास, आणि त्याची किल्ली मास्तरांच्या कोटात! मला समुद्र नको होता, गार वारा नको होता. त्या एका तासात बापानं लेकीशी तोंड उघडावं, एवढंच हवं होतं.

मला वाटलं, मास्तर नाहीच म्हणतील. कारण या माणसाला पाण्याची भयंकर भीती. तळ्याकाठी फिरायला गेलो तरी पाण्याच्या बाजूला मला चालवतात. पण त्यांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “कोट लागेल ना? शिवतो.”

“तुम्ही? अहो, मोठ्या माणसांचा कोट आहे. बाजारातून घेऊ.”

“अडतीस वर्षं कोट शिवतोय मी. तू मला शिकवणार?”

“निदान माप तरी घेऊ द्या.”

“माझं माप मला माहीत नाही?”

बसले मशीनवर. शाळेच्या निळ्या कोटाचं कापड, तीच पितळी बटणं, छातीवर बिल्ला लावायचा तोच खिसा. तीन दिवसांनी कोट तयार झाला आणि मास्तर त्यात राहायला गेले. हो, घातला असं म्हणवत नाही. बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसत होती आणि पोटाजागी अजून एक मास्तर मावला असता.

“हा काय तंबू?” मी म्हटलं.

“वाढत्या अंगाचा आहे.”

“एकसष्टाव्या वर्षी तुम्ही कुठं वाढणार?”

“तिथं दिवसभर खायला असतं म्हणे. माणूस वाढतो.” कॉलरच्या आत त्यांनी सवयीनं एक सुई खोचली, दोरा ओवलेली, आणि विषय संपला.

तर निघालो. पहिले चार दिवस मास्तर जहाजाच्या बरोबर मध्यावर, कठड्यापासून जास्तीत जास्त लांब खुर्ची टाकून बसले. लाइफ जॅकेट अंगावर. लोक पोहायला जायचे, नाचायला जायचे, मास्तर जेवायला जायचे. जेवणाच्या जागेला खिडक्या नव्हत्या ना! सकाळी नाश्ता, मग नाश्त्यानंतरचा नाश्ता, दुपारी पाच प्रकारची मिष्टान्नं. एकटे मास्तरच नव्हे, अख्खं जहाज तुटून पडलं होतं. आमच्या शेजारच्या केबिनमधले दातांचे डॉक्टर तर पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगत होते की गोडानं दात किडतात. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ताटलीत केकचे चार तुकडे मी माझ्या डोळ्यांनी मोजले.

पाचवा दिवस उजाडला. संध्याकाळी सातलाच मी माझं जांभळं रेशमी नेसून, गजरासुद्धा न विसरता तयार. अंबाडा तीनदा घातला, तीनदा सोडला. लेकीला भेटायला जाताना एवढं नटतात का, असं स्वतःलाच विचारलं आणि चौथ्यांदा घातला. इकडे मास्तरांनी कोट चढवला आणि मी बघतच राहिले. अगदी मापात! खांद्याला खांदा, पोटाला पोट. पाच दिवसांत माणूस कोटाएवढा झाला होता.

“बघ,” मास्तर म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सव्वासातला दार उघडून बाहेर पडतो तर समोर दातांचे डॉक्टर. वर काळा कोट, बो, चकाचक बूट, आणि कमरेला टॉवेल. एका हातानं टॉवेल धरलेला, दुसऱ्या हातात पॅन्ट. मास्तरांचा निळा कोट आणि पितळी बटणं बघून त्यांना वाटलं हा जहाजाचाच माणूस.

“अहो, बरं झालं भेटलात. जरा शिंपी पाठवता का? पॅन्टचा हूकच तुटला. कमरेला बसतच नाही.”

“मीच,” मास्तर म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. मास्तरांनी पॅन्ट उलटी केली, मागची शिवण बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की कुणी त्यांना शिवी दिली असावी. “रेडीमेड! आत अर्धं बोट कापडसुद्धा सोडलेलं नाही. शिवणाऱ्याला काय माणूस म्हणायचा?” मग माझ्या बटव्यातली दोरा कापायची कात्री घेतली, स्वतःच्या कोटाच्या खालच्या दुमडीतून निळा तुकडा कापला, पॅन्टची मागची शिवण उसवून त्रिकोणी बसवला आणि सात मिनिटांत पॅन्ट परत दिली. वरून कोट आल्यावर कुणाला काही दिसणार नव्हतं. डॉक्टरांनी खाली वाकून बघितलं, वर बघितलं, श्वास आत घेतला, बाहेर सोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो!

आणि तिथंच घात झाला. डॉक्टरांच्या बायकोनं चार दारांवर जाऊन सांगितलं, “बाहेर शिंपी आहे!” कारण त्या मजल्यावर एकाही पुरुषाची पॅन्ट बसत नव्हती. पाच दिवस मनसोक्त जेवायचं आणि पाचव्या दिवशी घट्ट कपडे घालायचे, हा बेत कुठल्या शहाण्यानं ठरवला कोण जाणे. धडाधड दारं उघडली. कुणी टॉवेलात, कुणी चादरीत, एक गृहस्थ तर लाइफ जॅकेट कमरेला बांधून आले. मास्तरांसाठी खुर्ची-टेबल आलं, दिव्याखाली मांडलं गेलं.

“अहो, साडेसात झाले,” मी म्हटलं.

“हे दोन करतो.”

मग मीही बसले. काय करणार? बटणं तुटून लोंबत होती, आणि मला लोंबतं बटण बघवत नाही. कोटाची खालची दुमड संपली, मग बाह्यांच्या आतली, मग आतले दोन्ही खिसे. पावणेआठ झाले, आठ झाले. माझा जीव टांगणीला लागलेला. खाली डायनिंग हॉलमध्ये आता माझी लेक येऊन बसली असेल, तीन माणसांच्या टेबलाशी एकटी.

“मास्तर, आठ वाजले! उठा.”

“एवढं शेवटचं.”

शेवटचे होते एक निवृत्त न्यायाधीश, आणि त्यांची कंबर म्हणजे दोन माणसांचं काम. दुमडीतलं कापड तर संपलेलं. मास्तर उठले, कोट काढला, टेबलावर पसरला आणि मी ओरडायच्या आत पाठीचा मधला पट्टा उभा कापून काढला.

“अहो! आता काय घालून जाणार?”

सुई चालूच. मी तणतणत शेजारी उभी राहिले आणि सहज त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. टाके बारीक होते, मोहरीएवढे. अहो, या माणसानं मुख्याध्यापकांच्या मुलाच्या कोटालासुद्धा असे टाके कधी घातले नाहीत. आधीच्या नऊ पॅन्टी धावदोऱ्यानं पाच-पाच मिनिटांत उरकल्या, आणि आठ वाजून गेल्यावर हे भरतकाम चाललं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“तुम्हाला जायचंच नाहीये,” मी म्हटलं.

सुई थांबली.

“मुद्दाम करताय. नऊ वाजायची वाट बघताय. कोटसुद्धा मुद्दाम कापलात. मास्तर, लाज वाटते का? खाली पोर बसलीय!”

न्यायाधीश चादर सावरत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तर पॅन्टीकडेच बघत म्हणाले, “जाऊन काय बोलू?”

“काय म्हणजे?”

“चार वर्षं बोललो नाही. आता कुठून सुरू करू? तिनं विचारलं, बाबा, इतके दिवस का नाही बोललात, तर काय सांगू? मला भीती वाटते गं.”

बाई गं! माझा राग कुठल्या कुठं पळाला. या माणसाला मी दगड म्हणत होते. मी त्यांच्या हातातली सुई घेतली, उरलेले टाके मी घातले, लांब लांब, शाळेच्या चड्डीला घालतात तसे, आणि दोरा दातानं तोडला. “काहीही बोला. आमटी अळणी आहे म्हणा. पण उठा.”

डायनिंग हॉलच्या दाराशी पोचलो तेव्हा आठ चाळीस. न्यायाधीश आमच्या पुढेच ऐटीत आत गेले. दारावर एक उंच साहेब उभा होता, इस्त्रीच्या घड्या घातलेला. त्यानं मास्तरांना पुढून पाहिलं, मान तुकवली. मास्तर पुढं सरकले आणि त्यानं त्यांना मागून पाहिलं. पाठीला मानेपासून कमरेपर्यंत सरळ खिडकी, आत पांढरा शर्ट.

“माफ करा साहेब. कोट आवश्यक आहे.”

“हा घातलाय ना!”

“पूर्ण कोट, साहेब. नियम आहे.”

दारातून मला बॉबिन दिसत होती. पांढराशुभ्र युनिफॉर्म, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, पुढ्यात तीन ताटल्या, हात न लावलेल्या. ती घड्याळाकडे बघत होती. मग मात्र माझा तोल सुटला. मी त्या साहेबाला जे काही सुनावलं त्यातलं निम्मं इथं सांगण्यासारखं नाही. आतले चमचे थांबले.

तेवढ्यात न्यायाधीश उभे राहिले. “काय प्रकार आहे?”

“साहेब, यांचा कोट पूर्ण नाही.”

“पूर्ण नाही कसा? उरलेला कोट कुठं आहे, मला ठाऊक आहे.” असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि भर सभेत आपल्या कोटाचा मागचा भाग वर उचलला. काळ्या पॅन्टीत निळा पट्टा! मग दातांचे डॉक्टर उठले, त्यांनीही उचलला. मग तो लाइफ जॅकेटवाला. एकेक करत दहा प्रतिष्ठित पुरुष आमच्याकडे पाठ करून उभे. बायकांनी तोंडावर रुमाल धरले. वादकांचं वाजवणं बंद पडलं.

“कोट संपूर्ण आहे,” न्यायाधीशांनी निकाल दिला. “आणि तो सगळाच्या सगळा या हॉलच्या आत आहे. बाहेर राहिलाय तो फक्त माणूस. त्याला आत घ्या.”

दारावरच्या साहेबानं दहा पाठी मोजल्या, मास्तरांची खिडकी बघितली आणि हसू दाबत बाजूला झाला.

टेबलाशी पोचलो. बॉबिन उभी राहिली. तिनं मला मिठी मारली. मास्तरांकडे नुसतं पाहिलं. मास्तर बसले, ती बसली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मास्तर मिठाच्या बाटलीकडे असे बघत होते की तीच त्यांची लेक. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली, ती बॉबिनला लागली.

“ते... खाली,” मास्तर म्हणाले. घसा खाकरला. “खाली असतं तरी काय?”

बॉबिननं मिठाची बाटली जवळ ओढली, मिरपुडीची तिच्याशेजारी ठेवली, मध्ये चमचा आडवा घातला. हे इंजिन, हा दांडा, हा वर-खाली होतो, त्यानं हे गरगर फिरतं, आणि मागं पंखा पाणी ढकलतो. मास्तर पुढं वाकले.

“म्हणजे पायडल.”

“हो बाबा. पायडलच.”

“तेलपाणी कोण बघतं?”

“मी. रोज, स्वतः. दुसऱ्यावर सोडत नाही.”

“बरोबर. सोडू नये.” मास्तरांनी चमचा हातात घेऊन फिरवून बघितला. मग त्यांचा हात थांबला. चेहऱ्याचा रंग उतरला. “मग आत्ता तू इथं आहेस. खाली कोण आहे?”

“आहे ना, माझ्या हाताखालचा एक.”

“त्याला किती वर्षं झाली?”

“दीड.”

“दीड?” मास्तर खुर्चीतून उठलेच. “दीड वर्षात मी माणसाला काज करू देत नाही! त्याच्या हातात तू एवढी माणसं दिलीस? ऊठ. ऊठ आधी.”

“बाबा, अजून सात मिनिटं आहेत.”

“सात मिनिटं थोडी झाली का? खाली जा बघू!”

“अहो!” माझा आवाज चढला. “चार वर्षांनी लेक समोर आली आणि तिला हाकलून देताय?”

“हाकलतोय कुठं?” मास्तर माझ्यावर खेकसले. “मी या पाण्यावर आलो कुणाच्या जोरावर? मला पोहता येतं? ही खाली आहे म्हणून आलो. पाच दिवस ती खुर्ची टाकून बसलो तो कशाच्या जिवावर? ही खाली आहे एवढं ठाऊक होतं म्हणून. नाहीतर मी गुडघाभर पाण्यात तरी उतरलो असतो का गं?”

बॉबिन हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मास्तरांनी घाईघाईनं दोन पाव उघडले, बटर फासलं, मधे जे हाताला लागलं ते घातलं, नॅपकिनात गुंडाळलं आणि तिच्या हातात कोंबलं. “जाता जाता खा. आणि त्या दीडवाल्याला सांग, कशाला हात लावायचा नाही.”

“सांगते बाबा,” ती म्हणाली, आणि टोपी सांभाळत टेबलांमधून पळाली.

मास्तर ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग वळून बघितलं तर अख्खा हॉल चमचे खाली ठेवून आमच्याकडेच बघत होता. मास्तरांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना धीर दिला.

“जेवा, जेवा निवांत,” ते मोठ्यानं म्हणाले. “माझी मुलगी खाली गेलीय.”